गुडघे कुरकुरतात त्यांच्यासाठी माटुंग्यातला सपाट वॉक

आईला डॉक्टरांनी चालायला सांगितलंय पण चढ नको म्हणाले, म्हणून सध्या आमचा रविवारचा रूट असा. माटुंगा स्टेशनला (सेंट्रलचं हां, माटुंगा रोड नाही!) ईस्टला उतरायचं, फूलवाल्यांसमोरून रमतगमत फाइव्ह गार्डन्स. पाचही बागांना बाहेरून चक्कर मारा, रस्ता सपाट आहे, जुन्या झाडांची सावली मस्त, दम लागला की बसा.

मग किंग्ज सर्कल. तिथे फ्लायओव्हरच्या खालीच नानालाल मेहता गार्डन आहे, आतला वॉकवे नर्मदेच्या प्रवाहासारखा वळणावळणाचा, निळा रंगवलेला, साधारण ६०० मीटर. आई म्हणते परिक्रमा झाली माझी, आता कॉफी पाज. डोक्यावर पूल असल्यामुळे ऊन लागत नाही, पण दोन्ही बाजूंनी ट्रॅफिक, त्यामुळे आठच्या आत गेलात तर बरं, नंतर हॉर्न ऐकत चालावं लागतं. आणि जोरदार पावसात भरती असेल तर जाऊच नका, किंग्ज सर्कलला पाणी तुंबतं हे काय सांगायला हवं! शूज मात्र घाला, आईने एकदा चपलेत केलं, पेव्हर ब्लॉकला अंगठा ठेचकाळला.