लिस्बनमध्ये दुपारी एक वाजता: परवडणारे चांगले जेवण कसे शोधावे

मुंबईत नवख्या पाहुण्याने चांगले आणि परवडणारे जेवण कुठे मिळेल असे विचारले, तर आपल्यापैकी कोणीही त्याला गेटवेच्या समोर नेऊन बसवणार नाही. फोर्टमधल्या एखाद्या गल्लीत, गिरगावात किंवा लालबागला, जिथे दुपारी एकच्या सुमारास कचेऱ्यांतली आणि दुकानांतली माणसे टेबल रिकामे होण्याची वाट पाहत दाराशी उभी असतात, तिथे आपण त्याला पाठवू. स्वतः युरोपात गेल्यावर मात्र हे शहाणपण आपण विमानतळावरच विसरतो. दिवसभर वस्तुसंग्रहालये आणि चर्च पाहून पाय दुखू लागले की रात्री आठ वाजता मुख्य चौकातल्या पहिल्या मोकळ्या खुर्चीवर आपण बसतो, पाच भाषांतले सचित्र मेन्यूकार्ड उघडतो आणि प्रत्येक आकड्याला मनातल्या मनात शंभराने गुणत जेवतो. लिस्बनमध्ये पहिले तीन दिवस आम्ही दोघांनी हेच केले. उरलेल्या दिवसांत आम्ही बऱ्याच कमी खर्चात आणि कितीतरी चांगले जेवलो, आणि त्यासाठी जेवणाची वेळ आणि जागा एवढेच बदलावे लागले.

मुख्य जेवण दुपारी घ्यावे

आपल्या खानावळीच्या जातीची जी जागा लिस्बनमध्ये असते तिला 'टाश्का' म्हणतात. दहा-पंधरा टेबले, त्यांवर कापडाऐवजी अंथरलेला कागद, कोपऱ्यात कोणी पाहत नसतानाही चालू असलेला टीव्ही, गल्ल्यावर मालक आणि आत स्वयंपाकघरात बहुधा त्याच्याच घरातले कोणीतरी, असे तिचे साधारण रूप असते. दाराच्या काचेवर हाताने लिहिलेला एक कागद चिकटवलेला असतो आणि त्यावर त्या दिवशीचे चार-पाच पदार्थ व त्यांचे दर असतात. 'प्रातु दु दिआ', म्हणजे आजचा पदार्थ, तो हाच. साध्या टाश्कामध्ये तो दहा-बारा युरोंच्या आसपास मिळतो आणि अनेक ठिकाणी सूप, पाव, एक पेय आणि शेवटची कॉफीही त्याच दरात येते. तरी दरात काय काय धरले आहे ते बसतानाच विचारून घ्यावे. रात्री हीच जागा उघडी असली तरी तो कागद बहुधा उतरलेला असतो आणि छापील कार्डावरून चढ्या दराने मागवावे लागते. म्हणून दिवसाचे मोठे जेवण दुपारी घ्यावे आणि रात्री सूप, पाव, चीज आणि फळे यांवर भागवावे.

साडेबाराला स्वयंपाकघर सुरू होते, एक ते दोन या वेळात स्थानिकांची गर्दी असते आणि अडीच-तीनला चूल विझते. शक्यतो साडेबारालाच पोहोचावे, कारण दीडनंतर काचेवरच्या कागदावर एकेका पदार्थावर रेघ मारलेली दिसू लागते. माझ्या मते अशी रेघ हीच त्या जागेची खरी शिफारस आहे. जे संपते ते त्या सकाळी मोजून रांधलेले असते. दुपारी चार वाजताही ज्या ठिकाणी साठच्या साठ पदार्थ मिळतात, तिथले बरेचसे शीतपेटीतून आलेले असणार हे समजायला पाककलेचे ज्ञान लागत नाही.

परिमाणाबाबत एक गोष्ट आधीच माहीत असावी. दरपत्रकावर एकाच पदार्थापुढे अनेकदा दोन दर असतात: 'दोझ', म्हणजे पूर्ण वाढप, आणि 'मेया दोझ', म्हणजे अर्धे. ही अर्धी प्लेट एका माणसाला पुरून उरते आणि पूर्ण प्लेट दोघांनी वाटून घेण्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

काचेवरच्या त्या कागदावर काय असते? 'बाकल्याव', म्हणजे खारवून वाळवलेला कॉड मासा, जवळजवळ रोज कुठल्या ना कुठल्या रूपात असतोच. हा मासा पोर्तुगालच्या किनाऱ्यावर सापडत नाही. तो मुख्यतः नॉर्वे आणि आइसलँडच्या बाजूच्या थंड समुद्रातून येतो, आणि तरीही त्याच्याशी या लोकांचे नाते आपल्या सुक्या बोंबलाशी असलेल्या नात्याइतकेच घरगुती आहे. बटाट्याच्या बारीक सळ्या आणि अंडे घालून केलेला 'बाकल्याव आ ब्राश' हा प्रकार पहिल्यांदा खाणाऱ्याला सर्वांत सोपा जातो. ताजी सार्डिन मात्र हंगामातच खावी. जून ते सप्टेंबर हा तिचा काळ, आणि १२ जूनच्या रात्री संत अँथनीच्या उत्सवात जुन्या वस्त्यांच्या रस्त्यांवरच ती निखाऱ्यांवर भाजली जाते. आपल्याकडे जून-जुलैत मासेमारी बंद असताना तिकडे माशाचा सण असतो, हे मत्स्याहारी मुंबईकराने सहलीची तारीख ठरवताना ध्यानात घ्यायला हरकत नाही.

हा कागद पोर्तुगीजमध्ये असला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. १६६१ च्या विवाहकराराने मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली, त्याआधी ती पोर्तुगीजांकडेच होती, आणि त्यांचे बरेच शब्द आपल्या स्वयंपाकघरात राहून गेले. बटाटा, पाव, कोबी, काजू, अननस हे शब्द तिथल्या कागदावर थोड्याफार फरकाने आपल्याला भेटतात. 'कांजा' नावाचे कोंबडी घातलेले भाताचे सूप म्हणजे तर आपली कांजीच, जी भारताच्या किनाऱ्यावरून तिकडे गेली असे मानले जाते.

कुठे उतरावे

लिस्बनमधला 'बाइशा' हा सपाट, चौकोनी आखणीचा भाग पाहण्यासाठी उत्तम आहे, परंतु तिथल्या रुआ आउगुश्ता या पादचारी रस्त्यावर आणि त्याच्या समांतर गल्ल्यांत दाराशी उभे राहून हातातले कार्ड पुढे करणारी माणसे दिसतील. ज्या जागेला माणसांना हाक मारून आत न्यावे लागते, तिथे जेवू नये. हा नियम मी मुंबईतही पाळते. आल्फामा या जुन्या वस्तीतल्या फादु, म्हणजे पोर्तुगीज लोकगीत, गायनाच्या जागा हा वेगळा विषय आहे, कारण तिथे आपण प्रामुख्याने गाण्याचे पैसे देतो आणि अनेक ठिकाणी माणशी किमान खर्चाची अट असते. एकदा जरूर जावे, पण ते जेवणाच्या हिशोबात धरू नये.

आपण लोकलच्या हिशोबाने शहर ओळखणारी माणसे असल्याने मेट्रोची हिरवी मार्गिका धरणे आपल्याला सोपे जाईल. बाइशापासून चार-सहा स्थानके पुढे गेले की आंजूश, आरोयूश आणि त्यापुढे आल्व्हालाद हे भाग येतात. तिथे लोक राहतात, बँका आणि कचेऱ्या आहेत, मुले शाळेत जातात, आणि म्हणून दुपारी खानावळी भरतात. स्थानकातून बाहेर पडून मोठा रस्ता सोडावा आणि दोन गल्ल्या आत शिरावे. पर्यटकांनी भरलेली २८ क्रमांकाची प्रसिद्ध ट्राम जिथे संपते, त्या कांपु द ओरीकमध्येही हेच लागू आहे. बहुतेक पर्यटक शेवटच्या थांब्यावर उतरून पुन्हा त्याच ट्राममध्ये चढण्यासाठी रांगेत उभे राहतात, आपण मात्र तिथे जेवून घ्यावे. समुद्रपक्ष्यांसह होडीतून जेवायला जाण्याची हौस असेल तर काइश दु सोद्रेच्या धक्क्यावरून नदीपलीकडच्या कासील्याशला बोट जाते. दहा मिनिटांचा प्रवास आहे आणि पलीकडे मासळीच्या खानावळी आहेत.

फोनवर शोधताना इंग्रजीत 'सर्वोत्तम रेस्टॉरंट' असे टाकू नये, कारण इंग्रजीत शोधणाऱ्यांसाठीच सजवलेल्या जागा त्यातून समोर येतात. नकाशात तो भाग उघडून 'टाश्का' हा शब्द रोमन लिपीत, 'tasca' असा, टाकावा, अभिप्रायांपैकी पोर्तुगीज भाषेतले वाचावेत आणि सजवलेल्या ताटांपेक्षा ग्राहकांनी टाकलेली काचेवरच्या कागदाची छायाचित्रे पाहावीत.

बिल येण्यापूर्वी

आपण बसताच टेबलावर पाव, लोणी, ऑलिव्ह, कधी चीजचा तुकडा अशा बश्या न मागता येतात. याला 'कुव्हेर' म्हणतात आणि ते फुकट नसते. पोर्तुगालच्या २०१५ च्या कायद्याप्रमाणे ग्राहकाने न मागितलेल्या आणि न वापरलेल्या पदार्थाचे पैसे लावता येत नाहीत. म्हणून नको असल्यास हात न लावता परत न्यायला सांगावे, हवे असल्यास दर पाहून खावे. यात कोणी आपल्याला फसवत असतो असे नाही. ती तिथली रीत आहे आणि आपण तिच्याबाबत अनभिज्ञ असतो एवढेच. दरपत्रक दाराशी लावणेही कायद्याने बंधनकारक आहे. ते दिसत नसेल तर पुढच्या दाराकडे वळावे.

माशाच्या बाबतीत मात्र माझीच चूक झाली आणि ती सांगायला अजूनही थोडी लाज वाटते. माहीमच्या गोपी टँक मंडईत पापलेटाच्या जोडीसाठी मी कोळणीशी दहा मिनिटे घालते. त्याच मी, एका ठिकाणी, बर्फावर मांडलेल्या माशांतून दाखवलेला सुरेख मासा पाहून वजन न विचारता होकार दिला. कार्डावरचा दर किलोचा होता. मासा सव्वा किलोहून जास्त भरला आणि ते एकच जेवण आमच्या चार दुपारच्या जेवणांइतके महाग पडले. मालकाने कुठलाही नियम मोडला नव्हता, कारण दरापुढे 'किलो' असे छापलेले होते. भाजलेला अख्खा मासा किंवा शिंपले मागवताना आधी वजन करून, एकूण किंमत कागदावर लिहून घ्यावी, आणि वजनाच्या भानगडीत पडायचे नसेल तर 'आजच्या पदार्थां'तला मासा घ्यावा, ज्याचा दर ताटाचा असतो.

कॉफीच्या दरातही जागेप्रमाणे फरक पडतो. दरफलकावर काही ठिकाणी तीन रकाने असतात: गल्ल्यापाशी उभे राहून, आतल्या टेबलावर आणि बाहेरच्या उघड्या जागेत. पहिला रकाना 'बाल्कांव' या नावाचा असतो, जो शब्द गोव्यातल्या घराच्या ओसरीसाठी आपल्या ओळखीचा आहे. उभ्याने घेतलेली 'बिका', म्हणजे छोटी कडक कॉफी, सर्वांत स्वस्त असते.

नळाचे पाणी पिण्यायोग्य असते. बाटलीचे मागवले तर त्याचे पैसे पडतात. कर दरातच धरलेला असतो आणि बक्षिशी सक्तीची नसते. सुटे नाणे ठेवले तरी चालते. काही जुन्या टाश्का केवळ रोख रक्कम किंवा पोर्तुगीज बँकांचे कार्ड घेतात, त्यामुळे पन्नासेक युरो रोख जवळ असावेत, आणि कार्ड यंत्राने रुपयांत की युरोत असे विचारल्यास नेहमी युरो निवडावेत. बिलावरून खरोखरच वाद झाला तर आवाज चढवण्यापेक्षा तक्रारवही मागावी. ती ठेवणे प्रत्येक उपाहारगृहाला बंधनकारक आहे, आणि अनेकदा ती मागताच प्रश्न सुटतो.

शाकाहारी असल्यास

इथे थोडी मेहनत आहे. 'मांस नको' एवढेच सांगितले तर समोर ट्यूना मासा किंवा हॅमच्या चकत्या घातलेले सॅलड येऊ शकते, कारण 'कार्न', म्हणजे मांस, या शब्दात तिथले लोक मासा धरत नाहीत आणि कित्येकदा हॅमही धरत नाहीत. म्हणून 'सें कार्न, सें पैश, सें फियांब्र', म्हणजे मांस, मासा आणि हॅम यांवाचून, असे तिन्ही शब्द उच्चारावेत. दिवसाचे सूप, 'सोपा दु दिआ', बहुधा बटाटा आणि भाज्यांचे दाट सूप असते आणि दोन-तीन युरोंत मिळते. पण 'काल्दु व्हेर्द' या हिरव्या सूपमध्ये सॉसेजची चकती घालतात आणि कधी सूप शिजतानाच ते आत असते, म्हणून तिथे विचारणे आवश्यक आहे. 'पेशीन्यूश द ऑर्ता' या नावाचा अर्थ परसातले छोटे मासे असा असला तरी ती पिठात बुडवून तळलेली फरसबी आहे, आणि आपल्या भज्यांवर वाढलेल्या माणसाला ती परकी वाटणार नाही. याउलट 'शामूसा' नावाने ओळखीचा वाटतो, तरी त्यात बहुधा खिमा असतो. गोमांस टाळणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की 'बिफाना' हे डुकराच्या मांसाचे सँडविच आहे, तर 'प्रेगु' आणि वर अंडे ठेवलेला 'बितोक' हे बहुधा गोमांसाचे असतात.

युरोपीय संघात डिसेंबर २०१४ पासून प्रत्येक उपाहारगृहाला चौदा ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते. त्यात अंडे, दूध, मासे, कोळंबीसारखे कवचधारी जीव हे सर्व येते, म्हणून अंडे न खाणाऱ्यांना ही यादी मागणे फार सोयीचे ठरते. मांस मात्र त्या यादीत नाही. आणि सलग चार दिवस सूप व ऑम्लेट खाऊन कंटाळा आलाच, तर लुमियार भागात पोर्तुगालमधल्या हिंदू समाजाचे राधाकृष्ण मंदिर आहे आणि तिथे शाकाहारी भोजनाची सोय असते. जाण्यापूर्वी वेळ विचारून घ्यावी.

रविवारी बऱ्याच टाश्का बंद असतात. त्या दिवशी मांसाहारी मंडळींनी 'शुराश्केरा' शोधावी, जिथे निखाऱ्यांवर भाजलेली अख्खी कोंबडी बांधून मिळते आणि एका कोंबडीत दोघांचे, बटाटे आणि सॅलड घेतल्यास तिघांचेही जेवण होते. बांधून देण्यापूर्वी तिथला माणूस पिरि-पिरि, म्हणजे तिखट मिरचीचे सॉस, लावू का असे विचारतो आणि परदेशी चेहरा पाहून हात आखडता घेतो, म्हणून मुंबईच्या जिभेने ते दुप्पट मागावे.