जवळ सेंद्रिय दुकान नसताना धान्य-भाजी कशी मिळवावी

पुण्याच्या आसपास वाघोली, उंड्री, मोशी किंवा रावेत अशा भागांत नव्याने राहायला गेलेल्या कुटुंबांची एक तक्रार नेहमी कानावर येते. इमारतीखाली एक किराणा दुकान असते, चौकात एक मोठे मार्ट असते आणि दोन्हीकडे सेंद्रिय म्हणून मिळतात ती डाळींची चार महाग पाकिटे. ही अडचण खरी आहे. मात्र मावळ, मुळशी, भोर आणि पुरंदर हे तालुके पुण्याला इतके लागून आहेत की दुकान शोधण्याऐवजी शेतकरी शोधायचे ठरवले, तर वर्षभराच्या निम्म्याहून अधिक शिध्याची सोय होऊ शकते.

त्याआधी कोणत्या वस्तूसाठी जास्तीचे पैसे मोजायचे, हे ठरवावे. फ्लॉवर, वांगी, टोमॅटो, मिरची, द्राक्षे आणि डाळिंब या पिकांवर कीड आणि रोग जास्त पडतात, त्यामुळे फवारण्याही जास्त होतात. पैसे खर्च करायचे ते इथे. याउलट जमिनीतल्या ओलीवर येणारी कोरडवाहू रब्बी ज्वारी, कुळीथ, नाचणी, वरई, बांधावरचा शेवगा आणि अंबाडी यांना सहसा फारशी फवारणी लागत नाही, म्हणून त्यांच्यावरच्या ‘सेंद्रिय’ शिक्क्यासाठी दुप्पट भाव देण्याचे कारण मला दिसत नाही. पावसाळ्यात करटुली, टाकळा, भारंगी या रानभाज्या येतात आणि ऑगस्टमध्ये कृषी विभागाचे रानभाजी महोत्सवही भरतात. रानभाजी घेताना ती कुठून खुडली, एवढे मात्र जरूर विचारावे, कारण हमरस्त्याच्या कडेची किंवा तणनाशक मारलेल्या बांधावरची भाजी रानातली म्हणवत असली, तरी खाण्यायोग्य नसते.

शेतकऱ्याची गाठ पडण्याची सोपी जागा म्हणजे शहरात ठिकठिकाणी भरणारे शेतकरी आठवडे बाजार. आठवडे बाजार म्हणजे सेंद्रिय बाजार नव्हे. तिथला बहुतेक माल नेहमीच्याच पद्धतीने पिकवलेला असतो. फायदा इतकाच की पिकवणारा माणूस समोर उभा असतो आणि त्याला प्रश्न विचारता येतात. पणन मंडळाचे तांदूळ आणि आंबा महोत्सव, तसेच डिसेंबरातील भीमथडी जत्रा इथेही हीच संधी मिळते. अशा ठिकाणाहून पाच किलो तांदूळ आणण्यापेक्षा पिकवणाऱ्याचा फोन नंबर आणणे अधिक मोलाचे आहे.

पाकिटबंद मालावर ‘जैविक भारत’ हे प्रमाणित सेंद्रिय मालाचे सरकारी चिन्ह पाहावे. त्यासंबंधीचे नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहेत. पीजीएस म्हणजे शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची शेते तपासून प्रमाणित करण्याची पद्धत. पाकिटावर ‘पीजीएस-इंडिया ग्रीन’ असे लिहिले असेल, तर ते शेत अजून रासायनिकातून सेंद्रियाकडे वळते आहे, असा अर्थ घ्यावा. ‘पीजीएस-इंडिया ऑरगॅनिक’ म्हणजे ते संक्रमण पूर्ण झाले आहे. थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला मात्र प्रमाणपत्राच्या अटीतून सूट आहे. त्यामुळे केवळ कागद नाही म्हणून त्याच्यावर अविश्वास दाखवू नये आणि केवळ तो म्हणतो म्हणून विश्वासही ठेवू नये. मी त्याला जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेले पातळ खत, कसे करता, एवढेच विचारतो. मुळशीकडच्या एका शेतकऱ्याने जुड्या बांधता बांधता, मान वर न करता सांगितले: दोनशे लिटर पाण्याला १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. जो हे दर पंधरवड्याला करतो, त्याला आठवावे लागत नाही. त्यानंतर शेजारच्या शेतातून फवारा उडून येतो का आणि मधल्या बांधावर काय लावले आहे, हेही विचारावे. खरा शेतकरी या प्रश्नाने रागावत नाही, उलट खुलून बोलतो.

एका घरासाठी शेतकरी गाडी पाठवणार नाही, म्हणून इमारतीतील आठ-दहा कुटुंबांनी एकत्र मागणी द्यावी. आमच्याकडे महिन्यातून एका रविवारी पार्किंगमध्ये ताडपत्री अंथरून वजनकाट्यावर वाटप होते. पैसे आगाऊ द्यावेत आणि हंगाम पाळावा: नवा तांदूळ दिवाळीनंतर, गूळ थंडीत, तूर जानेवारी-फेब्रुवारीत, गहू उन्हाळ्याच्या तोंडावर.

पॉलिश न केलेल्या, प्रक्रिया न केलेल्या मालाचे स्वभाव वेगळे असतात, ते ओळखून खरेदी करावी. पहिल्या वर्षी मी बिनपॉलिशचा इंद्रायणी एकदम तीस किलो भरला आणि मे महिन्यात डबा उघडला, तेव्हा खवट वास आला. कोंड्यात तेल असते आणि उष्म्याने ते खवट होते, म्हणून असा तांदूळ दोन महिन्यांपुरताच घ्यावा. घाण्याच्या तेलालाही हाच नियम लावावा. पिवळाधमक गूळ बहुधा रसायनाने उजळवलेला असतो, त्यामुळे गडद तपकिरी ढेप घ्यावी. तरीही रंग हा पुरावा नव्हे, गुऱ्हाळ कुठले हे विचारावेच. मध थंडीत रवाळ झाला, म्हणजे त्यात साखर घातली असे होत नाही. महाबळेश्वरजवळचे मांघर हे २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले आहे. तिकडे जाणे झाले तर मध थेट मधपाळांकडून घेता येतो. एक वर्षाखालील बाळाला मात्र मध चाटवू नये.

कच्चे खायचे असेल, तर आणखी सावध राहावे. शेणखतावर वाढलेली कोथिंबीर, पालक आणि मुळा यांच्या मुळांत आणि देठांत माती अडकून राहते, म्हणून जुडी सोडवून, मुळे कापून, पाने वाहत्या पाण्याखाली सुटी करून धुवावीत. काकडी आणि गाजर धुऊन सोलावे. गोठ्यावरून थेट आणलेले दूध ताजे असले, तरी उकळूनच प्यावे, कारण गाईम्हशींचे काही आजार दुधावाटे माणसाला होतात. कडधान्ये, गहू आणि बिनपॉलिशची तूरडाळ उन्हात नीट वाळवून, एरंडेलाचा हात लावून, कोरड्या घट्ट झाकणाच्या डब्यांत भरावीत; कडुनिंबाचा पाला घालायचा असेल, तर तो आधी सावलीत पूर्ण सुकवावा, ओला पाला धान्याला बुरशी आणतो.