ऑप्टिकल ट्वीझर घेताना आधी ऑब्जेक्टिव्ह बघा (माझा अनुभव)

लॅबच्या इन्व्हर्टेड मायक्रोस्कोपवर ऑप्टिकल ट्वीझर (लेझरच्या फोकसमध्ये बारीक कण पकडून धरणारा चिमटाच म्हणा) बसवायचा होता, कोटेशनमध्ये सगळा भर लेझरच्या वॉटवर, पण खरा खेळ ऑब्जेक्टिव्हचा, म्हणजे नमुन्याजवळच्या भिंगाचा आहे. डेमोला १.४ एनएचं (एनए म्हणजे भिंग किती रुंद कोनातून प्रकाश घेतं त्याचं माप) ऑइल ऑब्जेक्टिव्ह होतं, म्हणजे भिंग आणि काचेमध्ये तेलाचा थेंब, काचेजवळ १ मायक्रॉनचा सिलिकाचा मणी झक्कास पकडला जायचा, पण फोकस जरा वर पाण्यात नेला की मणी थरथरायला लागायचा आणि बघता बघता निसटायचा, पॉवर वाढवली तरी तेच. कारण काच आणि तेलाचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (अपवर्तनांक, प्रकाश किती वळतो त्याचा आकडा) १.५२ च्या आसपास, पाण्याचा १.३३, त्यामुळे जितकं खोल जाल तितका फोकस फिसकटतो. मग १.२ एनएचं वॉटर इमर्शन (तेलाऐवजी पाण्याचा थेंब लागणारं) ऑब्जेक्टिव्ह लावून बघितलं, त्यावरची जुळवणीची रिंग, म्हणजे करेक्शन कॉलर, कव्हरस्लिपच्या (नमुन्यावरच्या पातळ काचेच्या) जाडीप्रमाणे हळूहळू फिरवली, आणि तोच मणी खोलवर पण जागचा हलेना! काय आनंद झाला म्हणून सांगू. तेच फायनल केलं.

लेझर १०६४ नॅनोमीटरचा घेतला, आम्हाला जिवंत पेशी पकडायच्यात आणि दृश्य प्रकाशापेक्षा यात त्यांना इजा बरीच कमी होते. मात्र तुमचं ऑब्जेक्टिव्ह या तरंगलांबीला किती टक्के प्रकाश सोडतं ते कंपनीकडून लेखीच घ्या, आणि बीम ऑब्जेक्टिव्हचं मागचं अपर्चर पूर्ण भरतोय ना तेही बघा, नाहीतर पकड ढिलीच राहते. पिकोन्यूटनमध्ये (न्यूटनचा एक लाख कोटीवा भाग) फोर्स नेमका मोजायचा तर क्वाड्रंट फोटोडायोड (चार भागांचा प्रकाश सेन्सर) असलेला बरा, साधा कॅमेरा बऱ्याचदा पुरत नाही. आणि हा लेझर डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा आयपीसवर जाणारा प्रकाश अडवणारा फिल्टर आणि इंटरलॉक (झाकण उघडलं की लेझर बंद करणारी सोय) सिस्टीमसोबतच मागून घ्या.