कूलरचा सा

मे महिन्यात नागपुरात गिटार नीट लावायची तर आधी कूलर बंद करावा लागतो, आणि पारा 45 च्या पुढे असताना तो कोण बंद करणार? माझी पहिली दोन वर्षं या भांडणातच गेली. रेकॉर्डिंगला बसलं की मागे घरघर, आणि कूलर बंद केला की दहा मिनिटांत बोटं घामाने तारांवरून घसरायची. एका दुपारी वैतागून सूर दाखवणारा ट्यूनर कूलरसमोर धरला. काटा 'जी' या पाश्चात्त्य स्वराच्या जरा वर जाऊन थांबला.

नंतर हिशेब कळला. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे आणि तिच्यावर चालणाऱ्या मोटरचा गुणगुणाट साधारण त्याच्या दुप्पट, म्हणजे 100 हर्ट्झच्या आसपास ऐकू येतो. गिटारवरचा खालचा 'जी' 98 चा. फरक 35 सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. मग मी गिटारच कूलरला मिळवून घेतली. डी-जी-डी-जी-बी-डी, आपल्या भाषेत प-सा-प-सा-ग-प. तारा अशा मिळवण्याला ओपन जी ट्यूनिंग म्हणतात, आणि ते अमेरिकेतल्या मिसिसिपी डेल्टामधल्या ब्लूजवाल्यांचं, म्हणजे तिकडच्या काळ्या लोकांचं गाणं गाणाऱ्यांचं, जुनं. तिकडे ते काचेच्या बाटलीची मान बोटात घालून वाजवायचे. मी इतवारीतल्या हार्डवेअरच्या दुकानातून गोटी पान्याची एक गोटी आणली, करंगळीत फिट बसते ती. यासाठीच मिळणारी महागडी नळी, स्लाइड, नंतर घेतली. ती पडून आहे.

गिटार, लोकसंगीत आणि यंत्रं एकत्र करायची आहेत, सुरुवात कुठून करू, असं विचारणारी मुलं मला अधूनमधून भेटतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न सामानाचा असतो, म्हणून तो आधी आटपते. दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस (वाद्याचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा), साधा लूपर (वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवणारा) आणि जुना लॅपटॉप एवढ्यावर दोन वर्षं जातात. कंपनं पकडणारी एक पिएझो चकतीही घ्या, चहा-पोह्याच्या पैशात मिळते, आणि तिला वायर डकवून कशालाही चिकटवली की त्या वस्तूचा आवाज थेट मिळतो. फक्त ती मिक्सरच्या माइकच्या भोकात खुपसू नका, आवाज पत्र्यासारखा येईल. तिला गिटारसाठी असलेलं इनपुट लागतं. सामानाचं एवढंच.

खरं शिकले ते एका खंजेरीवाल्या काकांकडे. उमरेडकडचे, भजन मंडळात चाळीसेक वर्षं वाजवत आलेले. विदर्भात खंजेरी म्हटलं की राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आठवतात आणि सात-सात खंजेऱ्या एकट्याने वाजवणारे सत्यपाल महाराजही. काका तसे प्रसिद्ध नाहीत. पण त्यांचा हात ऐकला आणि वाटलं, हा ठेका रेकॉर्ड करायचा, त्याला लूपमध्ये टाकायचं आणि वर गिटार फिरवायची. सोपं काम.

मी त्यांना हेडफोन दिले आणि ठरावीक लयीत टकटक करणारा मेट्रोनोम लावला. त्यांनी चार आवर्तनं वाजवली, थांबले, हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"पोरी, ते टकटक बंद कर. मले ढकलून राहिलं ते."

मला वाटलं, सवय नाही म्हणून होतंय. दुसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा लावला. ते सौजन्याने वाजवत राहिले आणि रेकॉर्डिंग मेलेलं आलं. घरी येऊन आधीचं, टकटक नसलेलं रेकॉर्डिंग उघडलं. भजनाचं ध्रुवपद आलं की लय थोडी पुढे सरकायची, अंतऱ्याच्या शेवटी माणसं श्वास घेतात तिथे किंचित मागे यायची. स्क्रीनवर पट्ट्यांच्या जाळीवर ठेवलं तर एकही ठोका रेषेवर नाही. सॉफ्टवेअरमध्ये एक बटण असतं, सगळे ठोके ओढून रेषेवर बसवतं. ते मी दाबलं. मग परत आधीचं ऐकलं आणि लाज वाटली. गाडी काकांची होती आणि मी स्टिअरिंग धरायला बघत होते.

हीच अडचण जॉन ली हूकर या अमेरिकी ब्लूज गायक-गिटारवादकाबरोबर वाजवणाऱ्यांना यायची. ब्लूज म्हणजे बारा मात्रांचे... चुकले, बारा बारचे (बार म्हणजे काही मात्रांचा एक खण) साचे, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. हूकर मनात येईल तेव्हा पुढच्या बारला जायचा, कित्येकदा एकाच कॉर्डवर पूर्ण गाणं काढायचा. 1948 मध्ये डेट्रॉइटला त्याचं गाजलेलं पहिलं रेकॉर्डिंग झालं ते एकट्याचंच. गळा, गिटार आणि आवाज वाढवून घेतलेला पायाचा ठेका. काका आणि हूकर यांची गाठ घालून दिली असती तर भाषेचं काही अडलं नसतं.

तेव्हापासून मेट्रोनोम बंद. लूप करायचाच असेल तर ठेक्याचा करत नाही. खंजेरीच्या झांजांची लांबलेली किणकिण घेते, गोटीने तारेवर काढलेला एखादा सूर घेते, आणि त्यांचे दोन लूप वेगवेगळ्या लांबीचे ठेवते, 7 सेकंदांचा एक आणि 11 चा दुसरा. ते पुन्हा एकत्र सुरू व्हायला 77 सेकंद लागतात, तोवर कानाला तेच तेच वाटत नाही. ठेका माणसाच्या हातात राहतो आणि यंत्र त्याच्यामागे चालतं.

यात एक तांत्रिक खाच आहे, ती नवख्यांना कोणी सांगत नाही. काका एकदा म्हणाले, "आवाज उशिरा येऊन राहिला." मी म्हटलं, नाही काका, तसं कसं. त्यांचंच बरोबर होतं. इंटरफेसचा बफर, म्हणजे आवाजाचे किती नमुने साठवून मग पुढे पाठवायचे तो आकडा, 512 वर होता. सेकंदाला 44,100 नमुने या हिशेबाने जायला सुमारे 12 मिलिसेकंद आणि यायला तेवढेच. हवेत आवाज 24 मिलिसेकंदांत 8 मीटर जातो. म्हणजे मी त्यांना आठ मीटरवर बसलेल्या माणसाबरोबर ठेका धरायला लावत होते. बफर 128 वर आणला, तक्रार गेली. लॅपटॉप दमत असेल तर बाकीचे इफेक्ट बंद करा, पण हे कमी ठेवा.

वाजवणाऱ्याने ऐकावं काय? माझं मत थोडं वाकडं आहे. आधी गाव ऐका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत, इतवारी-महालच्या गल्ल्यांत, "घेऊन जा गे मारबत"च्या आरोळ्या आणि ताशे एकमेकांवर आदळतात ते ऐका. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीबाहेरच्या स्टॉलांवरून जा. दर दहा पावलांवर वेगळं भीमगीत, एक मागे विरतं, दुसरं पुढून येतं. दोन चालींच्या मधल्या जागेत उभं राहिलं की जे ऐकू येतं ते कुठल्याही सॉफ्टवेअरात बनलेलं मी ऐकलेलं नाही. दक्षिण मध्य सांस्कृतिक केंद्राचं कार्यालय आपल्याच शहरात आहे, त्यांच्या मेळ्यात शेजारच्या राज्यांतले कलाकार येतात. दिवाळीनंतर जमलं तर गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा गाठा, झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यातलं, नाटक रात्रभर बघा.

मग बाहेरचे. 1965 मध्ये सुरू झालेल्या एएमएम या इंग्लंडमधल्या उत्स्फूर्त वादनाच्या गटातला कीथ रो, गिटार टेबलावर आडवी ठेवून वाजवायचा. डेरेक बेली, जो आधी नाचाच्या बँडमध्ये रोजंदारीवर गिटार वाजवायचा आणि नंतर कुठल्याच शैलीत न बसणारं उत्स्फूर्त वादन करत राहिला. जॉन फेही, जुन्या ब्लूजमधून निघून पुढे गोंगाट आणि टेपच्या तुकड्यांपर्यंत गेलेला. हे सगळं परदेशी खूळ आहे असं घरचे म्हणाले तर त्यांना सांगा, 1969 मध्येच अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, मूग सिंथेसायझर (विजेवर सूर तयार करणारं यंत्र) येऊन पोचला होता आणि आपली माणसं त्यावर काम करत होती.

पैशाचं स्पष्ट बोलते. यावर घर चालत नाही. माझं चालतं ते गिटारच्या नऊ शिकवण्यांवर, लघुपटांच्या ध्वनीकामावर आणि गणपतीत साउंडवाल्याकडे मिक्सरवर बसून. मिक्सरवरच्या त्या रात्रींनी मला शाळेपेक्षा जास्त शिकवलं. एकदा एका कार्यक्रमात भर उकाड्यात लॅपटॉप तापून बंद पडला. मी आणि काका दोघंच उरलो, नुसती गिटार आणि खंजेरी. लोकांना तेच आवडलं. आयोजकांनी मात्र "अर्धाच प्रोग्राम झाला" म्हणून अर्धे पैसे कापले. त्यानंतर मी ठरलेली रक्कम आधी लिहून घेते, आणि लॅपटॉप विटांवर ठेवते, खाली हवा खेळावी म्हणून.

काकांचे पैसे मात्र त्या रात्रीही पूर्ण दिले. लोकधून 'सगळ्यांची' असली तरी ती वाजवणारा हात एकाचा असतो. कॉपीराइट कायद्यात सादर करणाऱ्याचा हक्क वेगळा धरलाय, 50 वर्षांचा. तेव्हा फोनवर गुपचूप रेकॉर्ड करून सॅम्पल बनवू नका. विचारा, ऐकवा, नाव टाका, आणि काही मिळालं तर वाटा द्या. काकांना पहिल्यांदा तयार तुकडा ऐकवला तेव्हा ते डोळे मिटून बसले आणि शेवटी म्हणाले, "हे भूत माहंच हाय का?" त्यांनी दोन जागा कापायला सांगितल्या. दोन्ही बरोबर होत्या.

मागच्या उन्हाळ्यातलं रेकॉर्डिंग पुण्याच्या एका मित्राला कीबोर्ड वाजवायला पाठवलं. त्याचा रात्री फोन. काहीच जुळत नाही म्हणे, सगळं बेसूर लागतंय. मी म्हटलं, तुझा 'ए' नेहमीसारखा 440 हर्ट्झवर असेल, तो 449 वर ने.

"हे कुठलं स्टँडर्ड?"

"कूलरचं."