इंग्रजी वाक्याचा प्रकार कसा ओळखावा

इंग्रजी वाक्यांचे प्रकार शिकताना बहुतेक जण विधानार्थी, प्रश्नार्थी, आज्ञार्थी आणि उद्गारार्थी ही चार नावे पाठ करून मोकळे होतात आणि वाक्य समोर आले की शेवटचे विरामचिन्ह पाहून उत्तर देतात. ते चिन्ह झाकले की मात्र गाडी अडते. म्हणून आधी कर्ता कोठे आहे आणि क्रियापद कोठे आहे हे शोधावे, कारण मराठीत जे काम विभक्तिप्रत्यय आणि ‘का’सारखे शब्द करतात, ते इंग्रजीत बहुतांशी शब्दांच्या जागाच करतात.

‘शी रीड्स द लेटर’ या विधानार्थी वाक्यात कर्ता, मग क्रियापद, मग कर्म असा क्रम आहे. मराठीत ‘पत्र ती वाचते’ असे म्हटले तरी अर्थ बिघडत नाही. ‘द लेटर रीड्स शी’ असे लिहिले, तर वाक्य मोडते. ‘शी डझ नॉट रीड द लेटर’ हे नकारार्थी असले तरी विधानच आहे.

खरी गुंतागुंत प्रश्नार्थी वाक्यात असते. ‘शी इज रीडिंग’ या वाक्यातले सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी आणले की ‘इज शी रीडिंग?’ असा प्रश्न तयार होतो. सहायक क्रियापद नसेल आणि मुख्य क्रियापद ‘इज’सारखे ‘बी’चे रूपही नसेल, तर ‘डू’, ‘डझ’ किंवा ‘डिड’ यांपैकी एक आणावे लागते आणि काळाची व वचनाची खूण त्याच्याकडे जाते, त्यामुळे मुख्य क्रियापद मूळ रूपात राहते. ‘डझ शी रीड्स?’ ही चूक होते ती एकच खूण दोनदा लावल्यामुळे. ‘हू’ किंवा ‘व्हॉट’ हा शब्द स्वतःच कर्ता असेल, तर यातले काहीच करावे लागत नाही: ‘हू ब्रोक द कप?’ येथे ‘डिड’ला जागा नाही.

आता ‘आय नो व्हेअर शी लिव्हज’ हे वाक्य पाहा. ‘व्हेअर’ दिसताच अनेक जण त्याला प्रश्नार्थी ठरवतात, काही जण तर ‘आय नो व्हेअर डझ शी लिव्ह’ असेही लिहितात. ‘ती कुठे राहते?’ आणि ‘ती कुठे राहते ते मला माहीत आहे’ या दोन्ही मराठी वाक्यांत ‘ती कुठे राहते’ हा भाग जसाच्या तसा असल्यामुळे हा घोटाळा होतो. इंग्रजीत प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की कर्ता पुन्हा क्रियापदाच्या आधी येतो, आणि बाहेरचे वाक्य विधान असेल तर शेवटी पूर्णविराम येतो.

आज्ञार्थी वाक्यात ‘यू’ हा कर्ता सहसा अध्याहृत असतो आणि क्रियापद मूळ रूपात येते: ‘रीड द लेटर’. नकारासाठी आधी ‘डोन्ट’ लावावे. ‘वाच’, ‘वाचा’ आणि ‘वाचावे’ यांतला फरक इंग्रजी क्रियापदात दिसत नाही, म्हणून आदर दाखवण्यासाठी ‘प्लीज’ जोडतात किंवा सरळ प्रश्नाचे रूप घेतात. ‘कुड यू रीड द लेटर?’ ही अर्थाने विनंती असली तरी रचनेने प्रश्नार्थी आहे, आणि येथे आपण रचनाच पाहत आहोत.

उद्गारार्थी वाक्यासाठी एकच जोडी लक्षात ठेवली तरी पुरे. ‘हाऊ टॉल शी इज!’ म्हणजे ‘किती उंच आहे ती!’, तर ‘हाऊ टॉल इज शी?’ म्हणजे ‘ती किती उंच आहे?’ शब्द तेच चार आहेत. शेवटच्या दोघांनी जागा बदलली की प्रकार बदलतो. पुढे नाम येत असेल, तर ‘हाऊ’ऐवजी ‘व्हॉट’ वापरतात, जसे ‘व्हॉट अ लॉन्ग लेटर!’

दुसरे वर्गीकरण रचनेवरून केवल, संयुक्त आणि मिश्र असे होते आणि ते पहिल्यापासून वेगळे ठेवावे. येथे वाक्याची लांबी न पाहता कर्ता आणि काळ दाखवणारे क्रियापद यांच्या जोड्या मोजाव्यात. ‘द बॉय सिटिंग निअर द विंडो लॉस्ट हिज पेन’ हे लांबलचक वाक्य केवल आहे, कारण ‘सिटिंग’ एकटे काळ दाखवत नाही आणि जोडी एकच उरते. ‘माय ब्रदर अँड माय सिस्टर वर्क हिअर’ यात ‘अँड’ असला तरी तो दोन नामे जोडतो, वाक्ये नव्हे.

जोड्या दोन असतील, तर मधला शब्द बाजूला काढून त्याच्या मागचा-पुढचा भाग वाचून पाहावा. ‘अँड’, ‘बट’, ‘ऑर’, ‘सो’ यांनी जोडलेले दोन्ही भाग स्वतंत्रपणे उभे राहतात आणि वाक्य संयुक्त ठरते. ‘बिकॉज’, ‘इफ’, ‘व्हेन’, ‘दो’ हे शब्द मात्र आपल्या भागाला दुसऱ्यावर अवलंबून ठेवतात. ‘बिकॉज इट वॉज रेनिंग’ एवढेच लिहून थांबता येत नाही, म्हणून ‘आय स्टेड होम बिकॉज इट वॉज रेनिंग’ हे मिश्र वाक्य. ‘जरी’ आला की ‘तरी’ हवाच, या सवयीने आपण ‘दो इट वॉज रेनिंग, बट वी वेन्ट आउट’ असे लिहून बसतो. इंग्रजीत या दोहोंपैकी एकच शब्द ठेवावा: ‘दो’ ठेवला तर वाक्य मिश्र, ‘बट’ ठेवला तर संयुक्त.

एकाच वाक्याला दोन्ही वर्गीकरणांतली नावे लागतात, हेही ओघाने आलेच. ‘डिड शी लीव्ह व्हेन यू केम?’ या वाक्यात ‘डिड’ कर्त्याच्या आधी आहे म्हणून ते प्रश्नार्थी, आणि ‘व्हेन’ने दुसरी जोडी पहिलीवर अवलंबून ठेवली आहे म्हणून ते मिश्र.