टर्बो ऑइल टाकतोय? नवा टर्बो मागवण्याआधी या चुका टाळा

डिझेल गाडीत टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबतो. त्याच्याभोवती ऑइल दिसलं की बहुतेक ठिकाणी एकच निदान होतं: टर्बो गेला. मग नवा टर्बो नाहीतर लोकल कोअर (टर्बोचा शाफ्ट-पंख्यांसकट मधला भाग) बसतो, गिऱ्हाईक भली मोठी रक्कम मोजतं आणि थोड्याच दिवसांत तीच गाडी तसाच निळा धूर सोडत परत येते. मला याचा मनापासून राग येतो, कारण बऱ्याचदा टर्बोचा दोषच नसतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. टर्बोच्या शाफ्टला क्रँकसारखं रबरी ऑइल सील नसतं. शाफ्ट लाख-दीड लाख आरपीएमने फिरतो, शेजारी तापलेला एक्झॉस्ट, तिथे रबर टिकणारच नाही. पिस्टनला असते तशी एक बारीक रिंग असते, बस्स. ऑइल आत राहतं ते दोन कारणांनी: शाफ्टच्या दोन टोकांच्या पंख्यांच्या बाजूने हवेचा दाब आत ढकलत असतो आणि मधलं ऑइल आपल्याच वजनाने खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उतरत असतं. उतरायची वाट अडली की ते रिंगांमधून बाहेर येणारच. टर्बो कोरा करकरीत असला तरी येणार.

रिटर्न पाइप न बघणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. टर्बोतलं ऑइल याच पाइपने खाली चेंबरमध्ये उतरतं. नारायणगावहून वाशीला टोमॅटो नेणारी एक पिकअप आमच्याकडे आली, तेव्हा तिचा टर्बो दोनदा बदलून झाला होता आणि तिसऱ्याचं कोटेशन मालकाच्या खिशात होतं. चढाला निळा धूर, फेरीगणिक ऑइल मोजायच्या पट्टीवरची पातळी खाली. मालक म्हणाला, "मिस्त्री, आता ही गाडीच काढून टाकतो." म्हटलं, "थांबा शेठ, आधी एक पाइप खोलून बघू."

रिटर्न पाइपच्या वरच्या फ्लँजला पॅकिंगच्या जागी लाल सिलिकॉन थापलं होतं. बोल्ट आवळल्यावर जादाचं सिलिकॉन आतल्या अंगाला फुगून आलं आणि भोक निम्म्याच्या वर बुजलं. टोकदार पकडीने धरून ओढलं तर बोटाच्या पेराएवढी लाल पट्टी सलग बाहेर आली. तिच्या खाली पाइपला जळून दगड झालेल्या ऑइलचा थर. पाइप बदलला, बरोबर मापाचं पॅकिंग घातलं, ब्रीदर (चेंबरमधली वाफ बाहेर सोडणारी वाट) साफ केला. टर्बो तोच ठेवला, कारण त्याला काहीही झालं नव्हतं. धूर थांबला, पट्टीवरची पातळी टिकली. आधीचा खर्च मात्र त्या माणसाला कोणी परत दिला नाही.

म्हणून टर्बोच्या ऑइल लाइनला सिलिकॉन लावायचं नाही. येणाऱ्या लाइनला नाही, जाणाऱ्यालाही नाही. पॅकिंग मिळत नसेल तर गाडी एक दिवस उभी राहू द्या. बेंजो बोल्टचे (ज्याच्या पोकळीतून ऑइल जातं त्या बोल्टचे) तांब्याचे वायसर दरवेळी नवे. वर येणारा फीड पाइप आतून काळा झाला असेल तर तार घालून साफ करत बसू नका, बदला. सुटलेला एक खडा बेअरिंग खायला पुरतो. काही बेंजो बोल्टमध्ये बारीक जाळी असते, तीही बघा. रिटर्न पाइप कुठेही दबलेला नको आणि त्याचा उतार सलग खाली हवा.

पट्टीवर ऑइल कमाल खुणेच्या वर असेल तर आधी ते काढा. जास्त ऑइल म्हणजे जास्त माया, असं इंजिनाचं नसतं.

बॅक कंप्रेशन न तपासणं

बॅक कंप्रेशन म्हणजे सिलेंडरमधून निसटून चेंबरमध्ये उतरणारा दाब. गाडी चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करून नुसतं तोंडावर ठेवा. थोडी वाफ चालेल. झाकण उड्या मारत असेल तर चेंबरमध्ये दाब साठतोय आणि तोच दाब रिटर्नच्या ऑइलला वर रोखून धरतोय. मग ब्रीदरचा पाइप सोडून बघा. दाब लगेच उतरला तर अडथळा त्या पाइपमध्ये किंवा त्याच्या पुढे आहे. ब्रीदरच्या तोंडातूनच भकाभका धूर येत असेल तर बोअर-पिस्टनचं काम निघालंय, आणि ते गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची हिंमत ठेवा. टर्बो बदलून ते झाकलं जात नाही.

शाफ्ट थोडा हलला म्हणून टर्बो फेकणं ही तर उतावळ्या पोरांची खास सवय. शाफ्टचे बुश (बेअरिंग) ऑइलवर तरंगणारे असतात, त्यामुळे बंद टर्बोत शाफ्ट आडवा किंचित हलणारच. पंखा घराला घासतो का ते बघा, आणि आत-बाहेर ढिलाई बोटाला जाणवते का ते बघा. यातलं काही असेल तरच तो कामातून गेला.

एअर फिल्टर चोंदलेला असेल तर टर्बो ऑइल ओढतो. फिल्टर आधी बघा.

पुढच्या होजमध्ये ऑइलचा पातळ हात लागला तर घाबरू नका, ते ब्रीदरमधून येतं. एक्झॉस्टकडे ऑइल दिसलं तर मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातून टर्बोकडे धूर नेणारा भाग, खोलून बघा. तो आतून ओला असेल तर ऑइल इंजिनातूनच येतंय.

काळा धूर, ओढ कमी आणि रेस दिल्यावर सूंऽऽ असा आवाज, हे हवेच्या गळतीचं लक्षण. ऑइलशी त्याचा संबंध नाही. होज आणि इंटरकूलरला (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीला) साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. पण गॅरेजच्या कंप्रेसरची सगळी हवा आत सोडू नका. रेग्युलेटर लावून साधारण 1 बार पुरे, नाहीतर चांगला इंटरकूलर फाटतो.

इंटरकूलर रिकामा न करणं

टर्बो खरोखर गेला असेल तर त्याने फेकलेलं ऑइल इंटरकूलरमध्ये साठलेलं असतं. घाईत लोक नवा टर्बो बसवतात आणि सेल (स्टार्टर) मारतात. रेस वाढली की ते ऑइल सिलेंडरमध्ये जातं आणि इंजिन त्याच्यावरच पळत सुटतं. चावी काढली तरी थांबत नाही, कारण ते डिझेलवर चालतच नसतं. अशा वेळी मॅन्युअल गाडी असेल तर वरचा गिअर टाका, ब्रेक पूर्ण दाबा आणि क्लच सोडून इंजिन मारा. नाहीतर हवा घेण्याचं तोंड सपाट फळीने झाका. हात किंवा फडकं कधीही नाही. तेही जमत नसेल तर बोनेटपासून सगळ्यांना लांब करा. इंटरकूलर उतरवून, उलटा टांगून, धुऊन, पूर्ण वाळवूनच लावायचा. अर्धा दिवस जातो. जाऊ द्या.

नवा टर्बो कोरडा सुरू करू नका. फीडच्या भोकातून स्वच्छ ऑइल ओता, पंखा हाताने फिरवा. इंजेक्शन बंद ठेवून दहा-पंधरा सेकंद सेल मारा, रिटर्नचा जोड सैल ठेवून ऑइल खाली येतंय का ते डोळ्यांनी बघा, मग जोड आवळा. सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटं रेस नाही. गाडी लोडवर एक फेरी मारून आली की जोड पुसून पुन्हा तपासा. मी तोवर गिऱ्हाइकाकडून पूर्ण पैसे घेत नाही.