आपोआप उगवलेल्या भोपळ्याचं काय करायचं?

वाफ्यात कंपोस्ट पसरलं की पंधरवड्यात कुठेतरी भोपळा डोकं वर काढतोच. आधी बियातली दोन जाड, लांबट गोल दलं आणि नंतर हाताला खरखरीत लागणारं पहिलं खरं पान. मी ते रोप उपटत नाही. स्वतःची जागा स्वतः निवडलेला वेल जोमाने वाढतो, हे मी दर हंगामात बघते.

जागा अडचणीची असेल तर दोन-तीन पानांवर असतानाच, मुळाभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट संध्याकाळी हलवा. एकदा मी ताणे फुटेपर्यंत थांबले आणि वेल गेला. भोपळ्याला मुळं दुखावलेली सोसत नाहीत. पसरायला दीड-दोन मीटर मोकळे ठेवा. पाणी बुंध्याशी घाला, पानांवर नको.

सुरुवातीला नुसती नर फुलं येतात आणि गळतात. घाबरू नका. मादी फुलाखाली इवलासा भोपळा असतो, नर फुलाला नुसता लांब, बारीक देठ. फळं सुपारीएवढी होऊन पिवळी पडत असतील तर बहुधा परागीभवन झालेलं नसतं. फूल एकच सकाळ उमलतं, म्हणून मी उजाडताच जाते. ताजं नर फूल खुडून पाकळ्या काढायच्या आणि बोटाला पिवळी पूड लागते ना, तो दांडा मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच फिरवायचा. फळ धरलं तर चार-पाच दिवसांत फुगलेलं दिसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे बी ज्या फळातलं, त्याच्या फुलात मधमाशीने कुठले पराग आणले होते ते आपल्याला ठाऊक नसतं. झुकिनी आणि शोभेचे बरेच छोटे भोपळे एकाच प्रजातीचे, त्यांचा संकर सहज होतो. अशा वेलाच्या फळात कुकुर्बिटासिन हे कडू द्रव्य उतरू शकतं. ते शिजवूनही जात नाही आणि उलट्या-जुलाब होतात. म्हणून प्रत्येक फळ चिरल्यावर नखाएवढा कच्चा तुकडा जिभेवर ठेवून बघा. जरासा जरी कडवट लागला तरी थुंका, चूळ भरा, फळ टाकून द्या. मीठमसाल्याने कडूपणा झाकायला जाऊ नका.

साठवायचं फळ देठ सुकून कडक झाल्यावर, सालीत नख रुतेनासं झालं की देठासकट कापा. कडू निघालेला वेल मात्र मुळासकट काढा आणि त्याची फळं कंपोस्टात टाकू नका, बी तिथेच पुन्हा रुजतं.